कुलूपबंद गवत

आलेलं पत्र न उघडता बाजूला ठेवणं रावसाहेबांच्या रक्तातच नव्हतं, आणि शेवटी तेच त्यांना नडलं. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळल्यावर माणसाचं असंच होतं. पत्र आलं की शिक्का, शिक्क्यावर तारीख, तारखेखाली सही आणि मग वहीत नंबर. त्यांच्या हातून एकही कागद कधी गहाळ झाला नाही, असं त्यांच्या निरोप समारंभात साहेब म्हणाले होते. नोंद झाल्यावर त्या कागदाचं पुढे काय होई, हा वेगळा विषय आहे आणि तो आवक-जावक विभागाकडे येत नाही.

निवृत्त झाल्यावर टपाल आटलं. विजेचं बिलसुद्धा फोनवर येऊ लागलं. मग रावसाहेब संगणकावर येणारी पत्रं उघडू लागले, आणि कुणी गाद्यांवर सवलत जाहीर केली तरी ‘आपल्या सवलतीबाबतच्या पत्राची पोच देत आहे’ असं दोन ओळींचं उत्तर पाठवू लागले. गाद्यांच्या कंपनीला इतका सभ्य माणूस बहुधा दुसरा भेटला नसावा. ती त्यांना दर दोन दिवसांनी पत्र पाठवी.

संगणक खरं तर वहिनींचा होता. वहिनी म्हणजे रावसाहेबांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते म्हणून आपणही म्हणू. वहिनींनी तीस वर्षं एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. बरण्या धुतल्या, पानं वाळवली, आणि त्यांच्या खाली दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. नोकरी संपायच्या सुमारास त्यांनी एक काम स्वतःसाठी सुरू केलं. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठाला, भिंतींच्या भेगांमध्ये जे काही कुणी न लावता उगवतं त्याचे फोटो काढायचे आणि त्याबद्दल चार ओळी लिहायच्या. अकरा वर्षांत अशी चारशे बारा रोपं झाली. एका प्रकाशकाने त्याचं पुस्तक करायचं कबूल केलं होतं आणि येत्या महिन्याच्या एक तारखेला सगळं साहित्य त्याच्या हातात द्यायचं होतं. वरती वहिनींचं नाव येणार होतं, एकटीचं. त्यांनी ते फारसं कुणाला सांगितलं नव्हतं, पण प्रकाशकाचं पत्र त्यांनी कपाटात चांगल्या कपड्यांच्या घडीत ठेवलं होतं आणि आठवड्यातून एकदा तरी ती घडी उगाच नीट केली जाई.

वहिनींच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वहिनी आठ दिवस तिच्याकडे गेल्या. घर मोकळं झाल्यावर रावसाहेबांना वाटलं की आपणही या पुस्तकाला हातभार लावावा. त्यांनी संगणक उघडून पाहिलं तर फोटोंची नावं वाचून त्यांना भोवळ यायची बाकी राहिली. ‘भिंत निळी दुसरी’. ‘डॉक्टरीणबाईंचं गटार ४’. ‘हेच का ते?’ एका फोटोचं नाव नुसतंच ‘अरे वा’. इतकी वर्षं हिच्याबरोबर संसार केला आणि हिच्या कपाटात ही परिस्थिती, असं म्हणून रावसाहेबांनी बाह्या सरसावल्या. सगळ्या फोटोंना ओळीने नंबर द्यायचे, यादी करायची, आणि ती आली की समोर ठेवायची असा बेत ठरला. पडताळणीसाठी दुसरी प्रत हवी म्हणून त्यांनी वहिनींचा पेनड्राइव्हही खणातून काढून संगणकाला लावला. तो पेनड्राइव्ह काम झालं की काढून खणात ठेवायचा, असा वहिनींचा नियम होता. पण मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी असल्याशिवाय पडताळणी होत नाही, हा रावसाहेबांच्या कचेरीचा नियम होता, आणि घरात त्या वेळी रावसाहेब एकटेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साठाव्या फोटोवर होते तेव्हा संगणकावर टपाल आलं. विषय होता, ‘तिसरे व अंतिम स्मरणपत्र’. रावसाहेबांनी विषय पुन्हा वाचला. आयुष्यभर त्यांनी लोकांना स्मरणपत्रं पाठवली होती; त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हतं, आणि आता एकदम तिसरं. मग पहिली दोन गेली कुठे? पाठवणाऱ्या संस्थेचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण ज्याला उत्तर द्यायचं राहून गेलंय तो आपल्या ओळखीचाच असला पाहिजे असं थोडंच आहे. पत्राला एक कागद जोडलेला होता. तो उघडला तर आतली अक्षरं धूसर, आणि वरती एक पिवळी पट्टी: मजकूर दिसण्यासाठी कृपया परवानगी द्यावी.

इथे रावसाहेबांचा घात झाला. चौतीस वर्षं ते परवानग्या मागत आले होते. रजेची परवानगी, पंखा बदलायची परवानगी, टाचण्यांची नवी डबी घ्यायची परवानगी. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे परवानगी मागत होतं, आणि तीही ‘कृपया’ लावून. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीत ताठ बसले आणि परवानगी दिली.

कागद धूसरच राहिला. संगणक मात्र आतून जोरात घरघरायला लागला. तो बहुधा मजकूर आणायला गेला असेल, असं समजून रावसाहेब चहा करायला उठले. चहा पिऊन परत आले तर प्रत्येक फोटोच्या नावाला एक लांबलचक शेपूट फुटलं होतं, कुठल्याच भाषेत नसलेल्या अक्षरांचं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. रावसाहेब रागावले. कालपासून घातलेली शिस्त यंत्राने मोडली, एवढाच त्यांना त्याचा अर्थ लागला. त्यांनी पहिल्या फोटोपासून सुरुवात केली आणि प्रत्येक शेपूट हाताने कापायला घेतलं. चारशे बारा शेपटं कापायला संध्याकाळचे सहा वाजले. मधे जेवण झालं नाही. शेवटचं शेपूट कापून त्यांनी समाधानाने एका फोटोवर टिचकी मारली आणि तो उघडला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याच्या वेळी त्यांना दिसलं की फोटोंच्या बाजूला एक नवीन पत्र येऊन बसलंय, आणि ते सकाळपासून तिथे आहे.

पत्र इंग्रजीत होतं, पण सरळ होतं. तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. किल्ली आमच्याकडे आहे. बहात्तर तासांत अमुक इतकी रक्कम या पत्त्यावर भरा, उशीर झाला तर दुप्पट. आमच्यावर विश्वास नसेल तर कुठलीही एक फाइल पाठवा, ती फुकट उघडून दाखवू. रावसाहेबांनी पेनड्राइव्ह उघडला. तिथेही तेच. मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी होती, म्हणून चोरांना एकाच फेरीत दोन्ही सापडली होती.

रावसाहेबांची पाचावर धारण बसली. पण घाबरलेला माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. त्यांनी कागद ओढला, आधी कच्चा मसुदा केला, मग तो संगणकावर उतरवला. महोदय, आपले पत्र मिळाले. आपल्या पत्रावर जावक क्रमांक आढळून येत नाही. आपण दिलेल्या मुदतीत सुट्टीचा दिवस येत असल्याने मुदतवाढ मिळावी. एक फाइल नमुन्यादाखल उघडून देण्याचे आपण मान्य केले आहे, त्यानुसार एक फोटो सोबत जोडला आहे. त्वरित कार्यवाही व्हावी. खाली सही, हुद्दा, हुद्द्यापुढे कंसात ‘निवृत्त’. पत्र रवाना केल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. त्या रात्री वहिनींचा फोन आला, सगळं ठीक ना म्हणून. रावसाहेब म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे. एका अर्थाने ते खरंच होतं आणि त्यामुळेच त्यांना घास गिळवेना.

सकाळी शेजाऱ्यांना कळलं. कसं कळलं हे विचारू नये. त्या इमारतीत कुणाचं दूध उतू गेलं तरी दोन मजल्यांवर सल्ला तयार असतो. पहिले आले समोरचे विमेवाले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, या फोटोंचा विमा होता का? नव्हता म्हटल्यावर त्यांनी अशी काही मान हलवली की जणू रावसाहेबांनीच हे फोटो चोरले असावेत. मग त्यांनी पुढच्या वेळेसाठी एक योजना सुचवली. पुढची वेळ येणार आहे हे त्यांनी गृहीतच धरलं होतं, त्याचं रावसाहेबांना फार वाईट वाटलं.

त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा स्वभाव त्यांच्या धंद्याला शोभणारा. किडलेलं काही ठेवायचं नाही, मुळासकट काढायचं, सगळं पुसून संगणक कोरा करून टाका असं म्हणत त्या सरळ टेबलाकडे निघाल्या. रावसाहेब आडवे झाले. अक्षरशः आडवे झाले, टेबलावर, दोन्ही हात पसरून. मी मेलो तरी यातलं काही पुसायचं नाही, बंद तर बंद पण आहे ते असू द्या, असं ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी नाराजीने इंटरनेटची वायर तेवढी उपसली, कारण काहीतरी उपसल्याशिवाय त्यांना परत जाता येईना. गंमत अशी की डॉक्टरीणबाई आणि रावसाहेब, दोघांनीही त्या सकाळी जे केलं ते बरोबर होतं, पण हे कळायला पुढे बरेच दिवस जायचे होते.

मग रावसाहेब सायबर गुन्ह्यांच्या कार्यालयात गेले. चौतीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर खिडकी इतकी खाली असते हे त्यांना प्रथमच कळलं. आतले कारकून जाणते होते. त्यांनी अर्ज काढला आणि विचारलं, चोरीला गेलेली वस्तू कोणती? रावसाहेब म्हणाले, चारशे बारा फोटो. वस्तू सध्या कुठे आहे? घरीच आहे. कारकुनांनी पेन खाली ठेवलं. वस्तू घरी असेल तर चोरीच्या रकान्यात लिहिता येत नाही, आणि चोरी नसेल तर हा अर्जच लागू होत नाही. रावसाहेबांना त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांना त्या माणसाचा आदरच वाटला. नियम माहीत असलेला माणूस हल्ली दिसतो कुठे. बराच वेळ दोघं खिडकीत डोकी जुळवून बसले. शेवटी रावसाहेबांनी मजकूर सुचवला: ‘वस्तू जागेवर, उपभोग चोरीस’. कारकुनांनी तो दोनदा वाचला, आतल्या साहेबांना नेऊन दाखवला, आणि परत येऊन स्वतःच्या खर्चाने रावसाहेबांना चहा पाजला. धमकीच्या पत्राच्या तीन प्रती मात्र लागल्याच.

आतले साहेब मोजकंच बोलले. पैसे देऊ नका. पैसे देऊनही किल्ली मिळतेच असं नाही, आणि मिळाली तर तुमचं नाव देणाऱ्यांच्या यादीत चढतं. कुलूपबंद फाइली पुसू नका. या कुलपांच्याही जाती असतात, त्यातल्या काहींच्या किल्ल्या जाणत्या लोकांनी शोधून फुकट ठेवल्यात. आणि त्या लोकांशी पत्रव्यवहार करू नका. हे शेवटचं वाक्य ऐकताना रावसाहेब छताच्या पंख्याकडे पाहत होते.

कारण पत्रव्यवहार सुरू झाला होता, आणि तो पुढेही थांबला नाही. पहिल्या पत्राला चोवीस तासांत उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी फोनवरून स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. त्याला उत्तर आलं की तुम्ही पाठवलेला फोटो फुकट उघडण्याच्या मानाने मोठा आहे. रावसाहेबांनी कळवलं की आपल्या मूळ पत्रात आकाराची अट नमूद नाही, सबब ती आता घालता येणार नाही. मग स्मरणपत्र क्रमांक दोन. मग तीन, अंतिम. चौथ्या दिवशी चोरांनी तो फोटो उघडून परत पाठवला. गटाराच्या काठावरची एकदांडी, पाकळ्यांवरचे परागसुद्धा दिसत होते. सोबत मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक ओळ होती की तुम्ही फार पत्रं लिहिता, कृपया फक्त पैसे द्या. रावसाहेबांना ते लागलं. पण फोटो त्यांनी फोनमध्ये जपून ठेवला, वहीत आवक नोंद केली, आणि साहेबांच्या धाकाने कुणाला त्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही.

आठवा दिवस उजाडला. वहिनी दुपारी घरी आल्या. रावसाहेब दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेण्याऐवजी त्यांच्या हातात एक कागद दिला. तो खुलासा होता. कचेरीत चूक झाली की कर्मचारी साहेबांना लेखी देतात तसा, दोन प्रतींत, समास सोडून. वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहून तो वाचू लागल्या. वाचून झाल्यावर त्या आत गेल्या, संगणकासमोर बसल्या, एक फोटो उघडायचा प्रयत्न केला, दुसरा केला, मग पाचसहा केले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. एकाच कपाचा.

रावसाहेब मागे उभेच होते. वहिनींनी कप अर्धा संपवला तेव्हा त्या बोलल्या.

“यात ‘अनवधानाने’ लिहिलंय तुम्ही.”

“हो.”

“अनवधानाने नाही झालं हे. तुम्ही मला विचारलं नाहीत. तीस वर्षं त्या प्रयोगशाळेत माझ्या वस्तू कुणीही उचलून कुठेही ठेवायचे, मला न विचारता. ती नोकरी होती. हे माझं होतं.”

रावसाहेबांनी दुसरी प्रत खिशातून काढली, पुन्हा खिशात घातली. त्यांना सुचणारी सगळी वाक्यं पत्रातली होती.

“चुकलो मी,” ते म्हणाले. “फार चुकलो.”

वहिनींनी कप विसळून पालथा घातला. पण संध्याकाळी त्यांनी संगणकाच्या वायरी गुंडाळल्या, तो पिशवीत भरला आणि पायात चपला घालता घालता विचारलं की तुम्ही येताय की इथेच उभे राहणार आहात. रावसाहेबांनी पिशवी उचलली. इतकी जड पिशवी उचलताना इतका हलका झालेला माणूस त्या जिन्याने कधी पाहिला नसेल.

दुरुस्तीवाल्या बाईंचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. पन्नाशीच्या, कपाळावर भिंग लावलेल्या, आजूबाजूला उघड्या पोटाचे आठदहा संगणक. गिऱ्हाइकाला त्या कधी रागावत नसत, पण त्यांचा शांतपणा जास्त लागायचा. हे कुठून आलं, त्यांनी विचारलं. रावसाहेबांनी स्मरणपत्राचं सांगितलं, परवानगीचं सांगितलं. बाई म्हणाल्या की येतं ते असंच येतं. दार फोडून फार क्वचित, बहुतेक वेळा आपणच आत बोलावतो. वायर कुणी काढली? शहाणपण केलं. पुसायला कुणी दिलं नाही? ते त्याहून मोठं शहाणपण. आणि ही शेपटं कुणी कापली? रावसाहेब म्हणाले, मी, एक पूर्ण दिवस लागला. बाईंनी काहीतरी एक ओळ लिहिली, एक बटण दाबलं, आणि चारशे बाराच्या चारशे बारा शेपटं डोळ्याचं पातं लवायच्या आत परत आली. कुलूप ओळखायला ती लागतात, एवढंच त्या म्हणाल्या. रावसाहेबांनी खुर्ची मागितली.

बाईंनी कुलूपबंद फोटो आहेत तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग आधी घरात शिरलेला चोर बाहेर काढायचा, नाहीतर आपण एक कुलूप उघडायचं आणि त्याने मागून दुसरं लावायचं, असं म्हणत त्यांनी दोन दिवस संगणक झाडून काढला. तिसऱ्या दिवशी बोलावलं. कुलपाची जात कळली होती. किल्ली करायचं फुकट साधन होतं. पण ते साधन चालायला एक जोडी लागते: एखादा कुलूपबंद फोटो, आणि तोच फोटो कुलूप लागण्याआधीचा, जसाच्या तसा. दोन्ही ताडून ते साधन किल्ली घडवतं.

वहिनींचा चेहरा उतरला. कॅमेऱ्यातले फोटो त्या संगणकावर घेतल्यावर पुसून टाकत, पुढच्या फोटोंना जागा हवी म्हणून. बहिणीला फोनवर काही पाठवले होते, पण तिकडे जाताना ते आक्रसतात. बाई म्हणाल्या, तसे चालत नाहीत. प्रकाशकाकडे नमुन्याची छापील पानं होती, तीही कामाची नाहीत. एका उघड्या संगणकाचा पंखा तेवढा फिरत होता.

रावसाहेबांनी घसा खाकरला. “चोरांनी उघडून परत पाठवलेला फोटो असेल तर चालेल का?”

दोघी वळून पाहू लागल्या. मग सगळं बाहेर आलं, मुदतवाढीसकट. बाईंनी भिंग कपाळावरून खाली घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज थोडा चढवून सांगितलं की काका, या लोकांशी असा पत्रव्यवहार कधी करू नये, त्यांना कळतं की हा माणूस घाबरलाय, आणि मग ते सोडत नाहीत. रावसाहेब मान खाली घालून ऐकत होते. बोलणं पूर्ण झाल्यावर बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, आणा तो फोटो.

किल्ली घडायला ती अख्खी दुपार गेली. पडद्यावर एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वहिनी हातातला रुमाल घडी करत होत्या, उलगडत होत्या. चार वाजता पहिला फोटो उघडला. ‘अरे वा’ नावाचा. वहिनींनी तोंडावर हात धरला आणि त्या रडायला लागल्या, आणि रावसाहेब दुसरीकडे पाहायचं सोडून सरळ त्यांच्याकडेच पाहत राहिले, कारण आता लपवण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. मग फोटो धडाधड उघडू लागले. आंबुशी, केना, दुधाणी, डॉक्टरीणबाईंचं गटार एक ते सात. टिपणंही आली, शब्द न शब्द. चारशे नऊ फोटो मोजले आणि रेघ थांबली.

तीन उघडेनात. बाईंनी बराच वेळ ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, काका, या तीन फाइलींचं तुम्ही नेमकं काय केलंत? रावसाहेबांना आठवलं. शेपटं कापण्याच्या दिवशी फोटो का उघडत नाहीत हे पाहायला त्यांनी तीन फाइली, पडताळणीसाठी मूळ आणि पेनड्राइव्हवरची नक्कल दोन्ही, लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या होत्या. आत मुंग्यांसारखी अक्षरं निघाली. बंद करताना यंत्राने विचारलं, बदल जतन करायचे का? आणि काम जतन न करता उठणं रावसाहेबांना कधी जमलंच नाही. म्हणजे हिशेब असा होता की चोरांनी नेलेलं सगळं परत मिळालं होतं. गेलं होतं ते फक्त रावसाहेबांनी जतन केलेलं.

वहिनी म्हणाल्या, चारशे नऊ पुष्कळ झाले. रावसाहेब म्हणाले, नाही. इतक्या ठामपणे ते बऱ्याच वर्षांत काही बोलले नव्हते, त्यामुळे वहिनींनी वाद घातला नाही. एक तारखेला आठ दिवस होते.

पहिलं रोप बस आगाराच्या भिंतीमागे दुसऱ्याच दिवशी मिळालं. दुसरं एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीत होतं. तिथल्या मालकाला रावसाहेबांनी वहिनींच्या पुस्तकाबद्दल अर्धा तास सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं की आपल्याला हे इतकं सगळं कधी ठाऊक झालं. तिसरं मात्र मिळेना. वहिनी त्याला नुसतं ‘ती निळी’ म्हणत. बोटाच्या पेराएवढं फूल, सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं, मग तिथे काही आहे हे सांगूनही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी ते एका गोदामाच्या भिंतीत सापडलं होतं. त्या भिंतीला आता गिलावा झाला होता. पाच सकाळी दोघं हिंडले. पाचव्या सकाळी वहिनी म्हणाल्या की पुरे आता, चारशे अकरा. रावसाहेब पुढच्या गल्लीत वळले होते.

पाण्याच्या टाकीच्या कुंपणाला लागून एक फरशी उचकटलेली होती. तिच्या फटीत, सिगारेटच्या थोटकाला टेकून, काहीतरी निळं होतं. रावसाहेब थांबले. इतकी वर्षं वहिनी अशा जागी बसकण मारत आणि रावसाहेब दहा पावलं पुढे जाऊन, हातावरचं घड्याळ बघत, चल ना गं म्हणत उभे राहत. आज ते स्वतःच्या इस्त्रीच्या पॅंटचा विचार न करता खाली बसले, मग गुडघ्यांवर आले, मग चष्मा काढून अगदी जमिनीला नाक लावलं. वहिनी मागून आल्या. त्यांनी पाहिलं, आणि कॅमेरा गळ्यातून काढून रावसाहेबांच्या हातात दिला.

पहिला फोटो हलला. दुसऱ्यात थोटूक जास्त आलं. समोरचे विमेवाले सकाळचं फिरणं आटोपून त्याच रस्त्याने चालले होते. त्यांनी काळजीने विचारलं की रावसाहेब, काही हरवलं का? रावसाहेबांनी मान वर न करता त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, तुमची सावली पडतेय म्हणून. ऊन टाकीच्या वर आलं होतं. तिसरा फोटो बरा आला. चौथा चांगला आला. वहिनींनी वाकून तो पाहिला आणि हा घेऊ म्हणाल्या. मग त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली, पदराने कपाळ टिपलं आणि रस्त्याकडे निघाल्या.

“चला आता. नऊ वाजले.”

“थांब गं जरा,” फरशीवरून रावसाहेब म्हणाले. “वारा आहे. थांबू दे त्याला.”

वहिनी थांबल्या.